जर्मनीचं नागरिकत्व: आत्ताच अर्ज करू का सप्टेंबर 2026 ची वाट बघू?

औसेकर | 14 जून 2025

नमस्कार मंडळी. गाव औसा तालुक्यात, जिल्हा लातूर. सप्टेंबर 2021 ला ब्लू कार्डवर (शिकलेल्या नोकरदारांचा परवाना) जर्मनीत आलो, पावणेचार वर्षं झाली. जर्मन भाषेची बी1 पातळी पास होतो म्हणून पक्कं राहण्याचं कार्ड 21 महिन्यांतच मिळालं.

आता प्रश्न असा. 27 जून 2024 पासून इथं नागरिकत्वाला 8 ऐवजी 5 वर्षं झाली, आन ज्याचं जर्मन सी1 (त्याच्या बरीच वरची पातळी) आहे आणि नोकरीत नाहीतर समाजकामात विशेष काही केलंय त्याला 3 वर्षांतच अर्ज करता येतो. मी दोन हिवाळे घालून मार्चमध्ये सी1 काढलं, गावातल्या हौशी अग्निशमन दलात तीन वर्षं जायलोय, म्हणजे 3 वाल्यात बसतो. पण नवीन सरकार ही 3 वर्षांची सोय बंद करायलंय, 28 मे ला मंत्रिमंडळानं मसुदा मंजूर केला, संसदेत कधी येईल माहीत नाही. माझी 5 वर्षं सप्टेंबर 2026 ला भरतात.

घाई कामून, तर बाबा 71 वर्षांचे, आईचे गुडघे गेलेले, 9 एकर सोयाबीन-तूर बाबाच बघतात. उद्या तिकडं वर्षभर राहायची वेळ आली तर पक्क्या कार्डाचा उपयोग नाही, 6 महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की ते रद्द होतं. जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला भारतात राहता यावं म्हणून मिळतं ते कार्ड) असलं तर कितीबी दिवस गावाकडं राहता येईल. म्हणजे गावाकडं राहता यावं म्हणून गावचा पासपोर्ट सोडायचा, असं काहीतरी झालंय आन तेच रात्री डोक्यात फिरायलंय. ज्यांनी नियम बदलायच्या तोंडावर अर्ज केलेत त्यांनी सांगा.

गोदाकाठ | 14 जून

भरून टाका. 255 युरो फी आहे, त्यासाठी एवढा विचार नको.

परभणीकर_टोरंटो | 14 जून

मी कॅनडात 2015 ला ह्याच फेऱ्यातून गेलोय. आधी 4 वर्षांत 3 वर्षं राहिलेलं चालायचं, 11 जून 2015 पासून 6 वर्षांत 4 वर्षं झालं, आन तेबी चार वर्षं दरसाल 183 दिवस हजर पाहिजे. आम्ही दोघं नवरा-बायको रात्री जेवणं झाली की जुने बोर्डिंग पास अंथरून दिवस मोजायचो, कुठल्या साली परभणीला किती दिवस होतो. 11 जूनच्या आत तिकडं पोचलेल्या अर्जाला जुना नियम लागणार होता, आमचा मेच्या शेवटी पोचला. माझ्या मित्राचे 19 दिवस कमी पडले, तो राहिला.

पुढचं ऐका. 11 ऑक्टोबर 2017 ला सरकारनं परत 5 वर्षांत 3 वर्षं केलं. मित्र तेव्हा बसला त्यात. सव्वादोन वर्षं गेली त्याची, पण ती सव्वादोन वर्षं त्यानं लै वाईट काढली, दर बातमीला फोन. म्हणून सांगायलो, भरता येत असेल तर भरा, आन नाही जमलं तर जीव जाळू नका.

बालाघाटची_लेक | 15 जून

आम्ही फिनलंडला. इथं 1 ऑक्टोबर 2024 पासून 5 ची 8 वर्षं झाली. आमची 5 वर्षं ऑगस्टमध्ये भरली आणि भाषेच्या परीक्षेचा निकाल सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हातात पडला. त्याच रात्री अर्ज टाकला. 1 ऑक्टोबरच्या आधी दाखल झालेल्यांना जुनाच नियम, असं कायद्यातच लिहिलेलं होतं म्हणून झोप लागली.

पण औसेकरदादा, तुमच्या मसुद्यात असं काही लिहिलंय का ते आधी बघा. अर्जाची तारीख धरतात का निकाल देतात त्या दिवशीचा कायदा धरतात, ह्यावर सगळं आहे.

जालना_ते_स्टुटगार्ट | 15 जून

बालाघाटच्या ताईंनी बरोबर दुखत्या ठिकाणी बोट ठेवलंय. मी नीट वाचलंय, जर्मनीच्या मसुद्यात जुन्या अर्जांना वाचवणारं कलम नाही. इथं निर्णयाच्या दिवशी जो कायदा असेल तो लागतो. म्हणजे तुम्ही जुलैत अर्ज टाकला आणि ऑक्टोबरात कायदा बदलला आणि तोवर तुमच्या फाईलला कुणी हात लावला नाही, तर 3 वर्षांचा आधार गेलाच. आता इथल्या कचेऱ्यांचा वेग बघता (आमच्या गावी 14 महिने लागले) तीन-चार महिन्यांत निकाल लागेल ही आशा ठेवू नका. तीन महिन्यांत काहीच हालचाल नाही झाली तर प्रशासकीय न्यायालयात जाता येतं, वकील तेच सांगेल, पण तो खर्च आणि मनस्ताप ज्याचा त्यानं ठरवावा.

तरी माझं मत अर्ज आत्ताच टाका असंच आहे, कारण वेगळं आहे. निकालाच्या दिवशी अटी पूर्ण लागतात ना? मग रांगेतच तुमची 5 वर्षं भरतील. सप्टेंबर 2026 ला अर्ज टाकला तर रांग तिथून सुरू होईल.

औसेकर | 15 जून

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आपला संसदेत मसुदा कधी येतो तेच बघत बसलेलो.

देगलूरचे_गुरुजी | 17 जून

लेकरांनो, सगळे तारखांचं बोलताय, मी थोडं वेगळं बोलतो. माझे वडील निजामाची रयत म्हणून जन्मले. शाळा उर्दूत झाली, त्यांचा दाखला अजून पेटीत आहे, तो वाचायला आता घरात कुणी नाही. 17 सप्टेंबर 1948 ला ते देगलुरातच होते, घर तेच, विहीर तीच, आणि ते भारताचे झाले. त्याच्यासाठी स्वामी रामानंद तीर्थांच्या मागं गावोगावची माणसं तुरुंगात गेली, सरहद्दीवरच्या कॅम्पात राहिली. वडील प्रत्येक निवडणुकीला धुतलेलं धोतर घालून मतदानाला जायचे. आमच्या घरात नागरिकत्व हे असं आलेलं आहे.

तेव्हा 255 युरोसाठी एवढा विचार नको हे गोदाकाठ यांचं वाक्य मला टोचलं. औसेकर, तुम्ही भारतात मत देणार नाही. तुम्हाला ग्रामपंचायतीला उभं राहता येणार नाही. अर्ज कधी करायचा हे ठरवायच्या आधी करायचा का, हे आईबाबांच्या समोर बसून बोललात का?

गोदाकाठ | 17 जून

गुरुजी माफ करा, मी फक्त फीपुरतं बोललो होतो. माझेही आजोबा उमरखेडच्या कॅम्पात होते.

मँचेस्टरची_माय | 17 जून

गुरुजींचं पटतं पण एक सांगू का, परदेशात राहून मत द्यायचं तर 2011 पासून नाव नोंदवता येतं खरं, पण मतदानाच्या दिवशी स्वतः गावात पाहिजे. बारा वर्षांत मला एकदाही जमलं नाही. इथं कर भरते, पोरं इथल्या शाळेत, आणि इथल्या गोष्टीत मला बोलता यावं असं वाटणं ह्यात गावाशी बेइमानी नाही.

आमच्याकडं ब्रिटनमध्ये तर पक्क्या परवान्यालाच 5 ऐवजी 10 वर्षं करायचं सरकारनं मे महिन्याच्या श्वेतपत्रिकेत म्हटलंय. माझ्या भावाची साडेतीन वर्षं झालीत, आधीच आलेल्यांना लागू होणार का नाही हेच कुणी धड सांगत नाही. घर घेऊ का नको इथपासून सगळं अडलंय त्याचं.

धाराशिवची_वकील | 18 जून

मी जमिनीची प्रकरणं बघते, परदेशातली पोरं रोज हेच विचारतात म्हणून इथं लिहिते.

पहिली गोष्ट. जर्मनीनं 2024 पासून दोन नागरिकत्वं चालतील म्हटलं तरी आपल्याला त्याचा फायदा नाही. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 सांगतं की स्वखुशीनं दुसरीकडचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. तुम्ही सोडायचा अर्ज करा नका करू, पासपोर्ट परत द्या नका देऊ, त्या दिवशी संपतं. नंतर तो पासपोर्ट वापरला तर दंड.

दुसरी, शेतीची. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानं पण नाही, वारसानं मिळते. पण हे तर भारतीय पासपोर्ट असलेल्या, परदेशात राहणाऱ्यालासुद्धा आत्ताच लागू आहे! औसेकर, तुम्ही आज एनआरआय म्हणून औशाला दोन एकर घेऊ शकत नाही. फरक कधी पडतो, तर कायमचं परत आल्यावर. नागरिक म्हणून परत आलात, सातबाऱ्यावर शेतकरी आहात, तर घ्या हवी तेवढी कमाल मर्यादेच्या आत. ओसीआय म्हणून आलात तर शेजारचा बांध विकायला निघाला तरी बघत बसायचं. आणि वारसानं आलेली विकायची वेळ आली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते.

म्हणून कुणीही जाण्याआधी बाबांकडून 8-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढून घ्या, जुने फेरफार बघा, आजोबांच्या नावावर राहिलेलं काही असेल तर आत्ता वारस लावून घ्या. पंधरा वर्षांनी ओसीआय कार्ड घेऊन तलाठ्यासमोर उभं राहणं लै अवघड जातं, बहिणी-चुलत्यांच्या सह्या गोळा करायला माणूस इथं पाहिजे.

गुरुजी, एक दार उघडं असतं. ओसीआय होऊन 5 वर्षं झाली आणि अर्जाच्या आधी 12 महिने भारतात राहिलं तर परत नागरिकत्व मागता येतं, मात्र दुसरं सोडावं लागतं.

देगलूरचे_गुरुजी | 18 जून

हे मला ठाऊक नव्हतं, ताई. धन्यवाद.

लातूर_पॅटर्न | 19 जून

ज्यांना पोरं आहेत त्यांच्यासाठी. मी लातूरला क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतो. 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनंतर ज्या पोरांना ओसीआय मिळालं त्यांना नीट (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) देता येते पण फक्त एनआरआय कोट्याच्या जागेवर, भारतीय नागरिकांसाठीच्या जागा त्यांना नाहीत. गेल्या वर्षी दुबईमार्गे परत आलेलं एक कुटुंब होतं, पोरगी ओसीआय, मार्क चांगले, आणि आईबापाला हे आमच्याकडं फॉर्म भरताना कळलं. पोरगी रडली नाही, बाप रडला.

औसेकर | 19 जून

आमची मुलगी दीड वर्षाची आहे. तिचा भारतीय पासपोर्ट आहे, इथं जन्मली तेव्हा जर्मन नागरिकत्वासाठी आईबापापैकी एकाची 8 वर्षं लागायची, आमची ती झालेली नव्हती. ह्याचा विचारच केला नव्हता सर.

तुरीची_शेंग | 19 जून

दीड वर्षाच्या लेकराला नीटचं टेन्शन, खरा लातूरकर 😄

किल्लारीकर | 21 जून

विषय थोडा बाजूला पण अर्ज करणाऱ्यांच्या कामाचा. जन्माचा दाखला. माझा जन्म 1988 चा, किल्लारीजवळच्या गावात घरीच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे घर गेलं, आजी गेली, पेटीतले कागद मातीत गेले. आता इकडं कचेरीत विचारतात मूळ जन्मदाखला कुठाय. कसं सांगायचं? शेवटी नोंद उपलब्ध नाही असा दाखला, शाळेचा निर्गम उतारा, आईचं प्रतिज्ञापत्र, असं सगळं घेऊन उशिराची नोंद करून घेतली. सात महिने गेले, भाऊ तहसीलला अकरा वेळा गेला. समोरच्या जर्मन बाईला मी भूकंपाचं सांगितलं, तिनं पेन खाली ठेवलं आणि पूर्ण ऐकून घेतलं. नंतर कागद लगेच चालले.

एक लक्षात ठेवा, भारतातल्या कागदावरचं ॲपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) जर्मनी मानत नाही. त्यांना शंका आली तर वकिलातीमार्फत गावात माणूस पाठवून पडताळणी करतात, त्यात महिने जातात. कागदं आधी सरळ करा, मग तारखांचं बघा.

तुरीची_शेंग | 21 जून

दादा, वाचून गलबलून आलं.

जालना_ते_स्टुटगार्ट | 21 जून

किल्लारीकर, नमस्कार तुम्हाला.

जन्मतारखेवरून आठवलं. मी 1 जून, बायको 1 जून, मेहुणा 1 जून. कचेरीतला माणूस दोनदा फॉर्म उलटापालटा करून बघायला लागला की चूक झालीय का. मग त्याला सांगावं लागलं की आमच्याकडं शाळेत नाव घालताना हेडमास्तर सगळ्यांना 1 जून टाकायचे. अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मलाय आमचा.

परभणीकर_टोरंटो | 21 जून

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 1 जूनला 46 जणांना शुभेच्छा द्याव्या लागतात, केकवाल्याची चांदी.

औसेकर | 6 जुलै 2025

मंडळी, काल आईबाबांशी दोन तास बोललो. गुरुजी, तुम्ही म्हणालात म्हणून व्हिडिओ कॉल लावून समोर बसूनच बोललो. बाबा लै वेळ गप्प होते. मग म्हणले, "तू परत येणार हे माहीत असतं तर मी नको म्हणलो असतो. तुझं तुला माहीत नाही तर कागद तरी असा कर की मला बरं नसताना तुला सुट्टी मागावी लागू नये." आईनं एकच विचारलं, येळवसच्या सणाला यायला काही अडचण येईल का.

कागदं गोळा केलीत. इथली 33 प्रश्नांची परीक्षा झाली, 17 बरोबर लागतात, माझे 32 आले. परवा अर्ज टाकतोय. 3 वर्षांच्या आधारावरच टाकतोय, पण जालनाभाऊंनी सांगितलं तसं रांग धरण्यासाठी. मुलीचं नाव अर्जात घातलेलं नाही, त्याचं आम्ही दोघं नंतर ठरवू.

जालना_ते_स्टुटगार्ट | 6 जुलै

चांगलं केलंत. एक राहिलंच सांगायचं. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र ज्या दिवशी हातात देतात त्या दिवसापासून जर्मन पासपोर्ट येईपर्यंत, आणि तिथून भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय येईपर्यंत, हा मधला काळ लै वाईट असतो. माझ्या त्याच काळात सासरे गेले. भारतीय पासपोर्ट हातात होता, वैध तारीख होती, पण वापरायचा नव्हता. जर्मन पासपोर्ट छापून यायचा होता. बायको पुढं निघून गेली, मी पोचलो ते दहाव्याला, ई-व्हिसावर. तुम्हाला प्रमाणपत्र घ्यायला तारीख देतील तेव्हा घरच्यांची तब्येत, लग्नकार्य, सगळं बघून मगच हो म्हणा. तारीख पुढं ढकलून मागता येते, मी मागितली नाही.

मँचेस्टरची_माय | 7 जुलै

हे वाचून पोटात खड्डा पडला. भावाला पाठवलं.

हिंगोलीकर | 12 ऑक्टोबर 2025

वर आणतोय. 8 तारखेला जर्मन संसदेनं 3 वर्षांची सोय काढायचं मंजूर केलं. 5 वर्षं आणि दोन नागरिकत्वं तशीच राहिली. औसेकर, तुमचं काय झालं?

औसेकर | 12 ऑक्टोबर

फाईल नंबर मिळाला ऑगस्टात. बाकी काही नाही. कोर्टात जाऊ का म्हणून वकिलाशी बोललो, तो म्हणला आत्ता खटला टाकला तरी निकाल लागेपर्यंत कायदा लागू झालेला असेल. सोडून दिलं.

गोदाकाठ | 13 ऑक्टोबर

दोन हिवाळे घालून सी1 काढलं माणसानं, अग्निशमन दलात जातो, आन फाईल उघडली नाही म्हणून संधी गेली. नियमात बसणाऱ्याला कचेरीच्या उशिराची शिक्षा, हे मला पटत नाही. फिनलंडसारखं अर्जाची तारीख धरायला काय हरकत होती?

बालाघाटची_लेक | 13 ऑक्टोबर

अगदी. कायदा कडक करायचा तर करा, तो त्यांचा हक्क. पण रांगेत उभा असलेल्याला जुनाच भाव लावावा, मोंढ्यावर सुद्धा एवढी रीत पाळतात.

औसेकर | 16 नोव्हेंबर 2025

शेवटचं सांगतो. 30 ऑक्टोबरला कायदा लागू झाला, पुढच्या आठवड्यात पत्र आलं. 3 वर्षांचा आधार आता नाही, अर्ज मागे घेणार का, असं विचारलंय. मी लेखी कळवलं की मागे घेत नाही, सप्टेंबर 2026 ला 5 वर्षं भरतात, तोवर प्रलंबित ठेवा. परवा उत्तर आलं, ठेवतो म्हणले. पुढच्या ऑगस्टात ताजी पगारपत्रकं पाठवायची.

मधल्या काळात वकीलताईंनी सांगितलेलं काम काढलं. 8-अ मागवला तर 2 एकर 10 गुंठे अजून पणजोबांच्या नावावर निघाले! बाबांनापण पत्ता नव्हता. वारस लावायला दोन्ही आत्या आणि चुलत्याची पोरं लागणार, सगळे येळवसला गावात असतात म्हणून डिसेंबरात तीन आठवडे येतोय.

धाराशिवची_वकील | 16 नोव्हेंबर

येताना पणजोबांचा मृत्यूदाखला आहे का ते बाबांना आत्ताच शोधायला सांगा. नसला तर 1954 चं खासरा पाहणी पत्रक तहसीलच्या अभिलेखातून काढून ठेवा, त्याला अर्ज करून पंधरा दिवस धरा.

औसेकर | 16 नोव्हेंबर

मृत्यूदाखला नाही ताई. उद्या सकाळीच बाबांना तहसीलला पाठवतो.

तुरीची_शेंग | 17 नोव्हेंबर

दादा, तुमच्या पणजोबांची जन्मतारीखबी 1 जूनच असणार बगा. आंबिल प्यायला बोलवा आम्हाला.